भुताच्या नावाचा गडू

...नाही पण मला सांगा, माणसाने जळावं कुणावर? शेजाऱ्यावर जळावं, साडूवर जळावं, तेवढा हक्क आहे आपल्याला. मी भुतावर जळतो हो! तेही सिनेमातल्या!

झालं काय, मी एस.टी.त कंडक्टर. राहतो चाळीसगावला, पण नशिबात मुक्कामी गाड्या... आज धुळ्याला झोप, उद्या भडगावला. घरी येतो तेव्हा पोरं झोपलेली. सुट्टीत बायकोने, लताने, दोघांना पिक्चर दाखवला. दोन भावंडं आणि एक प्रेमळ भूत. हे भूत गणितं सोडवून देतं, खांद्यावर बसवून गावभर उडवतं, मास्तरांची टोपी पळवतं, आणि तुम्हाला सांगतो, कायम घरी असतं. असणारच, भुताला कुठे ड्यूटी असते?

तेव्हापासून उठता बसता भूतमामा. मामा! म्हणजे भूतसुद्धा सासरकडचं! धाकटी बेबा विचारते, "नाना, तुम्हाला उडता येतं?" म्हटलं, नाही, पण मी दोरी ओढून अख्खी गाडी थांबवतो. तर थोरला पुना म्हणतो, "ते तर पॅसेंजरपण करतात." घ्या! लताला सांगितलं, हे जरा जास्त होतंय. ती म्हणे, "अहो, भूतमामाचं नाव घेतलं की दोघं गुपचूप दूध पितात." आई तरी माझी ना, तिने माझी बाजू घ्यावी की नाही? "भिकन, तू काब्र जयस रे? बिचारं भूत शे." का जळतो म्हणजे काय, जळणारच. भुताला कुठे ड्यूटी असते!

म्हटलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दाखवतोच. ड्यूटी बदलून घेतली, निंबाला झोका बांधला, हात सोलवटले. घरात येऊन बघतो तर वडिलांच्या नावाची घागर मांडलेली, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, सगळं रीतसर... आणि शेजारी एक पितळी गडू, त्यावर आंबा. हे कुणाचं? "भूतमामाचं," पुना म्हणाला, "तेपण मेलेलेच ना?" आता यात चूक काय काढणार? गेलेल्यांना जेवायला बोलवायचाच तो दिवस. आईने निखाऱ्यावर पहिला घास वडिलांच्या नावाने टाकला, दुसरा त्या भुताच्या. पुरणपोळीचा! इकडे माझ्या पोटात कावळे ओरडतायत, आणि जिवंत माणसाचा नंबर तिसरा.

जेवणं झाली, बेबाला झोका देत होतो. राहवेना. विचारलं, "बेबा, खरं सांग, जास्त कोण आवडतं? भूतमामा की मी?"

पोरगी विचारात पडली. मग म्हणाली, "नाना, तुम्ही मेल्यावर भूत होऊन आपल्याच घरी याल? मग रोज घरी राहाल ना?"

भरून आलं हो. पोरीला भूत नकोच होतं, घरात राहणारा बाप हवा होता.

म्हटलं, येईन बाई, नक्की येईन. काय करता? तेवढी एकच रजा डेपो मॅनेजरला नामंजूर करता येत नाही.