रखडलेल्या कामांचे फॉर्म

"ज्यांची कामं रखडली, त्यांना मी फॉर्म दिलेच नाहीत," आमचे सासरे स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच सांगत होते, आणि मी दाराबाहेर रिकामी कपबशी घेऊन उभी होते.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदार म्हणून कारखान्यांच्या शेड बांधण्यात त्यांचा जन्म गेला. माझा पीएचडीचा प्रश्न असा : नकाशा एकाचा आणि बांधकाम दुसऱ्याचं, की दोन्ही एकाच ठेकेदाराकडे, कुठल्या पद्धतीत काम कशामुळे यशस्वी होतं? मी इथे नवी, म्हणून प्रश्नावलीचे फॉर्म अण्णांनी ओळखीच्या ठेकेदारांना वाटले. भरून आले, तर दोन्ही पद्धतींच्या गठ्ठ्यांत यशाच्या प्रत्येक कारणाला पाचपैकी पाच गुण. तुलना कशाची करणार? सोमवारी गाइडना निकाल दाखवायचा होता, आणि आठवडाभर मी माझंच गणित तपासत होते.

"अहो, तिला फसलेली कामंपण लागत असतील की," सासूबाई म्हणाल्या.

"लागतील. पण ज्याचं काम बुडालं, त्याच्या दारात जाऊन यशाचं कारण विचारायचं? बरं दिसतं काय ते?"

"आणि तुम्ही बांधायला घेतलेलं अमरगोळच्या वाटेवरचं गोदाम? सहा वर्षं छपराविना उभं आहे."



मी आत गेले. एरवी अण्णांपुढे माझ्या तोंडून 'हो'च्या पुढे शब्द निघत नाही. त्या दिवशी कोरा फॉर्म समोर ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, गोदाम कशानं अडलं, तेवढं लिहा. मग बाकीच्यांकडे आपण दोघं जाऊ, आणि आधी तुमचा फॉर्म दाखवू."