कुंकू लावून बसवलेली चाकं

ट्रकची चाकं जीपला बसत न्हाईत, असं मला कुणी सांगू नका. आमच्या दारात जीप उभी हाय, बघा जाऊन.

छोट्या ट्रकची ॲल्युमिनियमची चार चाकं भंगारात घावली. बोल्ट जुळत होते, पण मधलं भोक सूतभर लहान. आमचे दाजी गॅरेजवाले. ते म्हणाले, "पावणं, उद्या सायकलीला नांगर जोडाल." बाबा तर म्हणाले, रविवारपर्यंत चाकं बसली न्हाईत तर जीपच भंगारात.

मी अंगणात कानस घेऊन बसलो. पण घासायचं नेमकं कुठं? कागलला आमच्या कारखान्यात त्यासाठी निळा रंग लावत्यात, मग जिथं अडकतंय तिथंच डाग उमटतो. घरात तो रंग कुठला? देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवलं आणि जीपच्या हबला, म्हंजे चाकाच्या भोकात बसणाऱ्या गोल भागाला, फासलं. चाक लावायचं, काढायचं, लाल दिसंल तेवढंच घासायचं.

आई तापली. "अरं, अंबाबाईचं कुंकू हाय ते."

"मग कामालाच लावलंय की."

रविवारी दाजी आले. चाकांवरचं कुंकू बघून म्हणाले, "बसायच्या आधीच पूजा?" मी बरणीला झाकण बसावं तशी चारी चाकं बसवली आणि दाजींनाच शेजारी घेऊन जोतिबाचा डोंगर चढून आलो. चाक कुरकुरलंसुद्धा न्हाई.

खाली उतरून दाजी म्हणाले, "जमलं की, पावणं."

तेवढ्यात आई वाटी घेऊन बाहेर आली. "जावईबापू, त्यानं नुसतं घासलं. बसवलं अंबाबाईनं." आणि उरलेलं ते तेलकट कुंकू तिनं दाजींच्या कपाळभर ओढलं.