मदरबोर्ड मीच निवडला

—आणि वर मला विचारतो, "मॅडम, नातवासाठी घेताय का?" नातवासाठी! तोंड उघडा. मोठं. अजून— हे काय लाजल्यासारखं, चांगली जांभई द्या. हां. कापूस ठेवलाय, जिभेनं ढकलायचा नाही. आता भूल नीट चढेपर्यंत मी बोलते, तुम्ही ऐका, तसंही दुसरं काही करायच्या अवस्थेत नाही आहात तुम्ही. तर तो कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा दुकानदार. मी काउंटरशी उभी राहून स्वच्छ सांगतेय, की गेम खेळायचा कॉम्प्युटर घरी स्वतः जोडणार आहे, मदरबोर्ड दाखवा— आणि हा माझ्या पांढऱ्या केसांत नातू शोधतोय. म्हटलं, मला नातू नाही, माझ्यासाठीच हवाय. तर हसला. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, हिरड्या सुजून लाल— आणि हा मला शिकवणार चांगलं काय नि वाईट काय!

भुवया कशाला उंचावताय? मदरबोर्ड माहीत नाही? वाटलंच. अहो, कॉम्प्युटरच्या आत ती मोठी पाटी असते ना, तिच्यावर बाकी सगळं बसतं— प्रोसेसर, मेमरी, चित्रं काढणारं कार्ड, सगळं. जबडा समजा. तुमच्यासारख्यांना जबड्याची आठवण कधी येते? दाढ ठणकायला लागली की. दुकानदारानं दहा-बारा खोकी समोर मांडली. कशावर लाल दिवे, कशावर निळे. मी म्हटलं, दिवे लावून मला लग्नाचा मांडव घालायचाय का? प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेला सॉकेट म्हणतात, प्रोसेसर एका जातीचा आणि सॉकेट दुसऱ्या जातीचं असलं की सगळं मुसळ केरात. हे मी घरून वाचून गेले होते. सॉकेट हा शब्द मला नवा नाही हो, दात ज्यात बसतो त्यालाही आम्ही तेच म्हणतो. त्याला मात्र चार प्रश्न विचारल्यावर घाम फुटला.

आता हे वेड कुठून लागलं म्हणाल— म्हणणार नाही तुम्ही, मीच सांगते. घराच्या गळतीचं काम काढलं होतं, म्हणून थोडे दिवस मुलीकडे राहायला गेले. जावई बँकेत, सकाळी टाय लावून जातो आणि संध्याकाळी येऊन कॉम्प्युटरवर लहान मुलासारखा धाड-धाड गोळ्या झाडतो. मी नाक मुरडलं. तर म्हणाला, "आई, एकदा बसून तर बघा." बसले. डोंगरावर झोपायचं, बंदुकीच्या दुर्बिणीतून लांबचा माणूस हेरायचा, श्वास धरायचा आणि नेम. आणि काय सांगू— मला जमायला लागलं! जन्मभर मी दुसरं काय केलंय? तोंडाच्या अंधारात आरसा धरून केसाएवढी नळी शोधायची, हेच ना? दुसऱ्या दिवसापासून जावई ऑफिसातून यायच्या आधीच मी खुर्ची पकडून बसलेली असायची. मुलगी म्हणायची, "आई, अगं चहा गार झाला." होऊ दे.

फक्त एक होतं. दुर्बीण लावली की मधली ती फुली हलायची. जराशीच. बारीक, सारखी, थांबायचीच नाही. मी जावयाला म्हटलं, तुझा माऊस घाण झालाय. त्यानं पुसला. तरी तेच. नवीन आणला. तेच. मग मी म्हटलं, तुझा कॉम्प्युटरच जुनाट आहे, मदरबोर्ड हलक्यातला असणार, म्हणून चित्र थरथरतं. तो काहीतरी बोलणार होता. बोलला नाही. हा त्याचा स्वभाव— तोंडाशी आलेलं गिळायचं आणि सभ्य चेहरा करून बसायचं. मला असली माणसं मुळीच आवडत नाहीत. मनात आहे ते बोला की! म्हणून ठरवलं, घरी गेल्यावर आपला आपण जोडायचा. तयार का नाही घेतला? म्हणजे परत दुसऱ्याच्याच हातचं. दुसऱ्याच्या हातचं काम काय असतं ते तुमच्या तोंडात बघतेच आहे मी. ही शेजारची दाढ कोणी भरली? अहो, भिंतीची भेग बुजवतात ती याहून बरी बुजवतात.

ओठ जड झाला का? थोडा? थांबू अजून. तर जावयानं फोनवर सल्ला दिलाच, मागितला नव्हता तरी. "आई, मदरबोर्ड मधला घ्या, बास होतो. त्यानं गेम काही जास्त चांगला चालत नाही, पैसे कार्डात घाला." मधला! माणूस मुळातच मधला— मधला पगार, मधली बुद्धी, मधलं घर, माझी मुलगी सोडली तर वरचं काही वाट्याला आलेलं नाही त्याच्या. मी सगळ्यात वरचा घेतला. जाड पाटी, मोठाले उष्णता खेचणारे ठोकळे, हातात घेतला की वजन जाणवतं. आता हलून दाखव म्हटलं.

रविवारी जेवणाचं टेबल धुऊन-पुसून कोरडं केलं. वर पांढरी चादर. इथे घालते तोच चष्मा लावला, भिंगाचा. तुम्हाला माहीत आहे का, त्या सॉकेटमध्ये पिना असतात, शेकड्यांनी, मुंगीच्या पायासारख्या. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा. दाबायचा नाही, सरकवायचा नाही. ठेवायचा फक्त. कुठलाही गाढव करू शकेल. मी चिमटीत धरला, खाली नेला, आणि— आणि त्याचा कोपरा लागला. निसटला नाही हो, पडला नाही, माझ्या हातून असलं होत नाही. लागला. उचलून बघते तर एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या. गवतावर कोणी बसून गेल्यावर दिसतं ना, तशा.

दुकानात गेले. तो आडव्या दातांचा म्हणतो, "मॅडम, पीन वाकली की वॉरंटी नाही. तुमचा हात हलला असेल." माझा! मी त्याला म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी लोकांच्या नसांपाशी सुया नेतेय. चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघेनात का. मी सरळ खोकं उचललं आणि बाहेर पडले. माल वाईट देतात आणि मग हात हलला म्हणतात.

मुलीनं जावयाला पाठवलं. मी बोलावलं नव्हतं. आला, चप्पल नीट भिंतीशी लावली, चष्मा मागितला, आणि म्हणाला, "आई, तुमची दाढा तपासायची ती बारीक आकडी असते ना, ती द्याल?" माझं हत्यार, माझं भिंग, माझं टेबल. आणि तो वाकून एकेक पीन उभी करतोय. एकेक. मी बाजूला उभी. त्याचं मनगट टेबलावर टेकलेलं, बोटं— दगडातून कोरल्यासारखी. टाय लावणाऱ्या, नोटा मोजणाऱ्या माणसाची बोटं! मला इतका राग आला त्याचा. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली. त्याला एक चूक तरी करू दे, म्हटलं. नाही केली. प्रोसेसर बसवला, सगळं जोडलं, मला बोलावून म्हणाला, "बटण तुम्ही दाबा." सुरू झाला कॉम्प्युटर. पहिल्या झटक्यात.

मग त्यानं तो डोंगर लावला. आधी तो बसला. दुर्बीण. फुली जागच्या जागी, भिंतीवर खिळा मारावा तशी. मग मी बसले.

तुम्ही डोळे मिटू नका, मी बोलतेय. मी बसले. नवा माऊस, नवा पडदा, सगळ्यात वरचा मदरबोर्ड. आणि फुली हलतेय. तशीच. तो मागे उभा होता. मी वाट बघत होते की आता म्हणेल काहीतरी, म्हणजे मला तोडून टाकता येईल. तर म्हणाला, "आई, क्लिनिकमध्ये कधीपासून होतंय?" बास, एवढंच. ना दया, ना काही. मी म्हटलं, चालता हो. तर त्यानं चप्पल घातली आणि गेला. मुलीला सांगितलं नाही त्यानं. सांगितलं असतं तर तिचा फोन आला असता. हे जास्त संतापजनक आहे, नाही का? चहाडी करणाऱ्याला निदान शिव्या घालता येतात.

आणि इथे काही होत नाही. करंगळी शेजारच्या दातावर टेकवली की हात गप्प होतो. वर्षभर गप्प होतोय. माझ्या मदतनीस बाईंना मात्र खुमखुमी, सारख्या माझ्या हाताकडे बघतात, म्हणून हल्ली त्यांना बाहेरच बसवते. भूल चढली आता. हां, मान इकडे. आरसा— आरसा दिसतोय ना तुम्हाला? तुमचे डोळे कुठे बघतायत? दिव्याकडे बघा. माझ्या हाताकडे नाही, दिव्याकडे.

मघाशी सुई दोनदा टोचली ना, आणि मी तुमच्यावर खेकसले, हलू नका म्हणून. तुम्ही हलला नव्हतात.

उठा. कापूस थुंका त्या वाडग्यात. ओठ सुन्न आहे तोवर काही खाऊ नका, चावाल. समोरच्या इमारतीत एक नवा डॉक्टर बसतो, भिंतीला भडक रंग लावलेत, लोकांशी फार गोड बोलतो, मला अजिबात पटत नाही— पण हात चांगला आहे. आजच जा. काय बघताय? पैसे कसले? ठेवा ते. आणि बाहेर बाईंना सांगा, आत कोणाला पाठवू नका. आज नाही. उद्याचेही— तुम्ही नुसतं सांगा हो, त्यांना कळेल. दार ओढून घ्या.