लेकीच्या घरचं पाणी

मी साखऱ्याचा, सेनगाव तालुक्यातला. जलम तिथलाच, अन् सरण बी तिथंच रचतील. शाळा दोन यत्ता. तिसरीत मास्तरानं हात उगारला, म्या पाटी तिथंच ठेवून घरी आलो ते आलोच. बापानं तीनदा नेऊन बसवलं, म्या तीनदा पळालो. असा हट्टी माणूस, काय सांगू तुमाला. पण सही येते मला, अंगठा म्या कुठं दिला न्हाई.

लेकरं तीन. मोठा विलास हिंगोलीत ऱ्हातो, मधली सुमन, अन् शेवटचा गजा. गजा आता चाळिशीला आला, दाढीत पांढरे केस आले, पण समज चार वर्साच्या लेकराएवढी. अंगावर पीत होता तवा तापात झटके आले, तवापासून असाच. त्याची माय होती तवर मला काही कळलंच न्हाई, आंघोळ, जेवण, कपडे समदं तीच बघायची. ती गेली अन् म्या म्हातारपणी पोराची दाढी करायला शिकलो. गजाला काम एकच येतंय. घरात कोणी येऊन टेकलं की रांजणातून तांब्या भरायचा अन् त्याच्या म्होरं धरायचा. पाव्हणा असो का तलाठी असो, घेतल्याबिगर हा हलत न्हाई.

औंदा माह्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणले, आजोबा, आता वझं उचलू नका. म्या म्हणलं, वझं तर घरी बसलंय साहेब. बोलून गेलो अन् मलाच लागलं. गजाला वझं म्हणलं म्या. त्या दिसापासून झोप न्हाई. आपल्या मागं ह्याचं काय, दुसरं डोक्यात येईना.

कोणी म्हणलं, कलेक्टर कचेरीत पालकत्वाचा कागद होतो. गेलो गजाला घेऊन. तिथं एक बाई होत्या, त्या म्हणल्या, बाबा, पोरगं अठराच्या वर गेलं की बाप कायद्यानं आपोआप पालक ऱ्हात न्हाई. म्या म्हणलं, मंग चाळीस वर्सं आमी नवरा-बायकोनं ह्याचं ढुंगण कायद्यानं धुतलं का? बाई रागावल्या न्हाईत. म्हणल्या, तुमचं बराबर हाय, पण तुमच्या मागं कोण, त्याचं नाव अन् त्याची राजीखुशी लेखी आणा. शेताचं मृत्युपत्र बी करा, पण नुसतं शेत देऊन बसू नका बाबा, लोक शेत सांभाळतेत, माणूस न्हाई.

तिथूनच विलासकडं गेलो. तो म्हणला, बाबा, मही दोन खोल्यांची जागा, आमी दोघं बी दिवसभर बाहेर, ह्याला कुठं कोंडून ठेवू? एखाद्या संस्थेत बघू. त्याला दोष देत न्हाई मी. खरंच दोन खोल्या हायेत.

ऱ्हायली सुमन. ती दिली सिद्धेश्वरच्या धरणाकडं. आता इथं मही गोची. आमच्यात रीत अशी की लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. अन् सुमनला लेकरू झालंच न्हाई. भावकीत समद्यांनी ही रीत कवाच सोडली, म्या धरून ऱ्हायलो. बावीस वर्सं जायचो, ओट्यावर बसायचो, थैलीतली मही बाटली प्यायचो अन् दिवस असतानाच यष्टीनं परत. बायको म्हणायची, सोडा हो, पोरगी आतल्या आत जळून ऱ्हायली. म्या म्हणायचो, बापजाद्याची रीत हाय.

गेलो गजाला घेऊन. सुमन अंगणात ज्वारी पाखडून ऱ्हायली होती. म्या ओट्यावर बसलो, कागदाचं समदं सांगितलं, म्हणलं तुझं नाव द्यायचंय. तिनं सूप थांबवलं न्हाई. मंग म्हणली,

“बाबा, बावीस वर्सं माह्या घरचा घोट तुमाला चालला न्हाई. आता तुमच्या लेकराला जलमभर माह्या हातचं चालंल म्हणता?”

जावई दारातून म्हणले, अगं ऱ्हाऊ दे. म्या थैली मांडीवर ओढली.

तेवढ्यात गजा कवा आत गेला कोणाला कळलं न्हाई. बाप बसलेला दिसला की त्याला दुसरं सुचत न्हाई. त्यानं तिचा रांजण हुडकला, तांब्या भरला, सांडत सांडत आणला अन् माह्या म्होरं धरला. सुमनचं सूप थांबलं. थैलीत मही बाटली होती, अर्धी भरलेली. गजा हलंना. म्या तांब्या घेतला अन् सगळा प्यालो. मंग म्हणलं, सुमन, दोन भाकरी टाक, भूक लागली.

ती आत गेली. लई येळ चूल पेटली न्हाई. मंग पेटली.

भावकीत म्हणतेत, म्हाताऱ्यानं शेवटी रीत मोडली. म्या म्हणतो मोडली न्हाई. लेकरू झाल्यावर प्यायचं असतंय, तिच्या पदरात लेकरू घातलं अन् मंगच प्यालो.

तिनं राजीखुशी लिहून दिली. मृत्युपत्र झालं, शेत गजाच्या नावानं, देखरेख सुमनची. पालकत्वाची तारीख अजून लागायची हाय, हेलपाटे चालू हायेत, पाय उचलत न्हाईत आता. सवय व्हावी म्हणून महिन्यातले पंधरा दिवस गजाला तिच्याकडं ठेवतो. तिथं बी समद्यांना पाणी देतो म्हणे. देव माह्या लेकीला बळ देवो, दुसरं मागणं न्हाई. ते पंधरा दिवस मी एकटा घरी येतो, ओट्यावर टेकतो, जरा येळ बसून ऱ्हातो. मंग उठतो अन् तांब्या आपल्याच हातानं भरून घेतो.