पहिलं नाव पगारे सरांचं

...नाही, मला एक सांगा, वाचायला मलाच का उभं करायचं? हॉलमध्ये शंभर प्राध्यापक बसलेले, सगळ्यांना वाचता येतं, निदान तशी प्रमाणपत्रं तरी आहेत त्यांच्याकडे! पण त्या बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई, थेट माइकवर, सगळ्यांच्या देखत म्हणतात, "पगारे सर, तुमच्या पेपरातली मुलाखत क्रमांक सात तुमच्याच तोंडून ऐकू द्या ना!" आता तुम्हाला सांगतो, पेपर माझा, त्यावर पहिलं नाव माझं, आणि तो सात नंबर मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो!

थांबा, थांबा. आधीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस... म्हणा, तसंच म्हणा, माझी हरकत नाही. मी सहदेव पगारे. कल्याणला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो, आणि गेल्या जूनपासून विभागप्रमुख आहे. आमच्याकडे वर्षाच्या शेवटी आढावा असतो. प्रत्येक विभागप्रमुखानं उभं राहायचं आणि वर्षभरात संशोधन काय केलं, नेतृत्व काय केलं, ते स्लाइड दाखवून सांगायचं. मी सांगितलं! खणखणीत सांगितलं! चार पेपर, दोन चर्चासत्रं, अकरा समित्या! एकच बकुळीचं रोप आम्ही तीनदा लावलं, कारण तीन समित्यांना तीन वेगळे फोटो लागत होते. शेवटी ते रोपच कंटाळून वाळलं. त्याचाही अहवाल केलाय, काळजी करू नका. तर वर्ष कसं गेलं विचाराल तर उत्तम गेलं हां, उत्तम!

आता चार पेपर म्हणजे मी लिहिले किती, असं खवचटपणे विचारू नका. आमच्याकडे पद्धत आहे. विभागातून पेपर बाहेर पडला की पहिलं नाव विभागप्रमुखाचं. मी नवीन होतो तेव्हा माझ्या पेपरांवर आधीच्या सरांचं असायचं. ते तर पेपर हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. मी निदान हातात घेतो, पानं किती ते बघतो! आणि ही आमची मेघना, तासिका तत्त्वावरची आहे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये असेल की नाही ते माझ्या सहीवर. ती बिचारी येऊन उभी, "सर, घाऊक बाजारात राबलेल्या बायकांवरचा पेपर झालाय. एकदा वाचून घ्याल का?" मी काय म्हणालो माहितीये? "अगं मेघना, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे!" वेळ नाही, याला आमच्या धंद्यात विश्वास म्हणतात. ती म्हणते, "निदान सात नंबर तरी वाचा सर, लिहिताना मला रडू आलेलं." मी म्हटलं, "रडू नको, तक्ते घाल." असं नेतृत्व! मग वर्ष उत्तम नाही जाणार तर काय?

तर ती मुलाखत. चष्मा चढवला, घसा साफ केला, आणि सुरू केलं, एकदम आवाजात चढउतार वगैरे. "मी मिरचीवर व्हते. गोणीतली मिरची वतायची आन् देठं मोडायची, दिसभर." इथे मी थांबून हॉलकडे अर्थपूर्ण बघितलं. सवय आहे. पुढे, "घरी आलं की हाताची आग व्हायची. लेकराच्या डोळ्याला माझा हात लागू नये म्हणून मी त्याचं तोंड कोपरानं पुसायची."

कोपरानं...

अहो, कल्याणच्या बाजारात मिरचीची देठं मोडणाऱ्या बायका शेकड्यानं असतील. पण कोपरानं तोंड पुसून घेतलेलं पोर एकच, आणि ते माइक धरून उभं! ती सुती चोळीची बाही, तिचा तो मिरचीचा तिखट वास, मला शिंकाच आल्या असत्या तिथे. आणि वाचणं थांबवता येईना, कारण समोरच्या पडद्यावर तेच पान, माझ्या नावासकट! "पोरगा शिकला. मोठा मास्तर हाय. ठाण्याला नौपाड्यात राहतो. मी आठ दिवस गेलते राहायला. त्याच्याकडं पाव्हणे आले, तर म्हनला, आई गावाहून आलीये. आता आंबिवली काय गाव न्हाई का? खोटं न्हाई बोलला तो."

खोटं नाही बोलला तो! बघा! माझी बाजू घेतेय, मुलाखत क्रमांक सातमध्ये!

आणि शेवटी, "बाई, माझं नाव न्हाई ना छापनार? पोराला कमीपणा वाटंल." म्हणून मेघनानं तिथे नाव न घालता नुसतं 'क्रमांक सात' लिहिलेलं. जिनं सगळं भोगलं तिचं नाव नाही, जिनं तीन रविवार जाऊन ते ऐकलं तिचं नाव दुसरं, आणि ज्यानं पान उलटलं नाही त्याचं पहिलं, ठळक अक्षरात, पदवीसकट! लाज वाटली हो. म्हणजे कानाच्या पाळ्या गरम होतात ना, तशी. माझा आवाज चिरकला, पुढचं वाचता येईना, आणि त्यावर काय व्हावं? टाळ्या! तज्ज्ञ बाई उठून उभ्या, "विषयाशी असा एकरूप झालेला संशोधक मी पाहिला नाही!" प्राचार्यांनी शाल घातली. मेघना शेवटच्या रांगेत इतिवृत्त लिहीत होती. तिचं नाव घ्यावं असं मनात आलं, खरंच आलं, पण तेवढ्यात फोटोसाठी सगळे जवळ सरकले. मग राहिलं ते. इतिवृत्तात तिनं लिहिलंय, 'सरांचा गौरव झाला.' स्वतःच्या हातानं लिहिलंय. उत्तम गेलं हो वर्ष, अगदी उत्तम.

तसाच उठलो आणि आंबिवलीला गेलो. कल्याणहून किती, तर दोन स्टेशनं! वर्षभरात मी गुवाहाटीला जाऊन आलो, भुवनेश्वरला जाऊन आलो, ही दोन स्टेशनं काही जमली नाहीत. चौदा एप्रिलला जाणार होतो, नक्की जाणार होतो, पण व्याख्यान लागलं. विषय काय? 'स्त्रीचे श्रम आणि आपण'. हसा, हसा.

आईनं दार उघडलं. अंगावरची शाल बघितली आणि घाबरलीच, "काय रं, रिटायर केलं का तुला?"

"नाही गं आई. ती मुलगी आलेली ना तुझ्याकडे, प्रश्न विचारायला..."

"मेघना? लई गुणाची पोर! मला डोळ्याच्या डागदराकडं घेऊन गेली. थेंब दिलेत, दोन टायमाला." आणि कपाटावरची बाटली आणून दाखवली. डोळ्यांना काय झालेलं, हेसुद्धा मला बाटलीवर वाचायला लागलं!

म्हटलं, "तिला सांगितलं का नाहीस मी कोण ते?"

"सांगायचं काय त्यात? तिनं कालेजाचं नाव घेतलं, तवाच मला समजलं. म्हटलं, सहदेवला यायला जमत नसंल, म्हणून माझं कसं चाललंय ते बघाया पोरीला धाडलंय. ही शेजारची भावना म्हनायची, 'न्हाई हो काकू, ते सगळ्यांकडंच जातात.' मी म्हटलं, तुला काय ठावं माझा पोरगा!" आणि मग माझ्या शालीचं टोक नीट करत, अगदी हळू विचारते, "तूच धाडली व्हतीस ना रं?"

तुम्हाला सांगतो, खरं बोलायला तोंड उघडलं होतं. आईशप्पथ उघडलं होतं. पण ती बघत होती हो माझ्याकडे, ते थेंब घातलेले डोळे घेऊन...

म्हटलं, "हो आई. मीच पाठवलेलं."

झालं! अशी तरातरा बाहेर गेली, या वयात, आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, "भावना! ए भावना! ऐकलंस का, त्यानंच धाडली व्हती!"

आता काय करणार, सांगा... मेघनाच्या त्याही कामावर पहिलं नाव माझंच लागलं.