पडद्यात मावेल एवढी तिया

…नाही, मला एक सांगा, आठ मिनिटांची फाइल! आठ! त्यात युद्ध नाही, गाणी नाहीत, हत्ती-घोडे नाहीत. काय आहे, तर माझी आत्या, तिया एस्मे, तिकडे कॅनडात एका स्वयंपाकघरात उभी राहून आपल्या आईला, म्हणजे माझ्या लोलाला, म्हणजे आजीला हो, ऐंशीव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देतेय. बस्स! एवढं एका डिस्कवर घालायला माणसाला सहा दिवस लागावेत? आणि माणूस कोण, तर मेलबर्नहून शिकून आलेला! जुन्या चित्रफिती जतन करायची पदवी आहे माझ्याकडे, आमच्या या गुइमारास बेटावर अशी पदवी दुसऱ्या कुणाकडे नाही. (कुणाला हवी होती, असं आमचे वडील विचारतात, ते सोडा.) परत येताना विमानातच शपथ घेतली होती मी, की आपल्या गावातल्या घराघराची आठवण जपीन, आणि जशी आहे तशी जपीन. चित्र खोटं बोलता कामा नये!

आता तुम्ही म्हणाल, फोनवर का नाही दाखवलं? दाखवलं की! लोलानं फोन नाकाला लावला, लांब धरला, उलटा केला आणि परत दिला. "ही कोळंबीएवढी कोण? माझी एस्मे अशी नव्हती. टीव्हीवर लाव." टीव्ही म्हणजे आमचा तो पेटाऱ्याएवढा जुना, डोक्यावर बाळयेशू घेऊन बसलेला, आणि त्याच्याखाली डीव्हीडीचा प्लेअर, माइक लावून गाणी म्हणायचा, गाणं संपलं की गुण देणारा. सात वर्षं लेकीला पाहिलेलं नाही त्या बाईनं. रविवारी वाढदिवस, सगळी वाडी जेवायला. मी म्हटलं, लोला, रविवारच्या आत डिस्क होणार म्हणजे होणार!

पहिल्या दिवशी फाइल उचलली आणि डिस्कवर टाकली. प्लेअर म्हणाला, डिस्क चुकीची. दुसरी टाकली. चुकीची. शेवटी बाजारात मानोंग गोरियोकडे, म्हणजे गोरियोदादाकडे गेलो. पंखे, प्लेअर, इस्त्र्या, सगळ्यांचा डॉक्टर तो. माझ्याकडे बघून हसला. "तोतो, तू त्याला अख्खा आंबा दिलास, सालीसकट. म्हातारा आहे तो प्लेअर. सोलून, फोडी करून भरवावं लागतं." म्हणजे फाइल बदलून द्यायची. हे मला मेलबर्नला दोन वर्षं शिकवलं होतं बरं का, पण त्यात आंबा नव्हता.

बसलो बदलायला. कॉम्प्युटर म्हणतो, एक तास चाळीस मिनिटं. अहो, आठ मिनिटांना? बरं, घे बाबा. सत्त्याण्णव टक्के झाले… अठ्ठ्याण्णव… आणि वीज गेली! आमच्याकडे वीज जाते म्हणजे शेजारी गप्पा मारायला गेल्यासारखी जाते, कधी उठेल ते तिला तरी कुठे ठाऊक. आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. परत पहिल्यापासून. पण तुम्हाला सांगतो, हटलो नाही. डिस्क होणार म्हणजे होणार!

झाली! लावली! आणि तिया एस्मे काळीपांढरी होऊन खालून वर, खालून वर… पाळण्यात बसवल्यासारखी. लोला म्हणते, "हिला घेरी येतेय का रे? लिंबू द्या म्हणावं कुणीतरी." मी पुन्हा गोरियोकडे. "माप कुठलं लावलंस?" म्हटलं, पाल. आता पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे, टीव्हीच्या चित्राचं एक माप असतं, ऑस्ट्रेलियात तेच चालतं, माझ्या हाताला तेच वळण. गोरियोनं कपाळाला हात लावला. "तोतो, ती पाल तिकडची. आपला टीव्ही अमेरिकन वळणाचा. तू शिकून आलास, टीव्ही नाही गेला शिकायला!"

माप बदललं. रंग आले, तिया स्थिर झाली, आणि आवाज मागे राहिला! ओठ आत्ता हलतात, शब्द दोन सेकंदांनी. शेवटी तर तिया हात हलवून निघूनही गेली आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून आवाज आला, "तब्येतीला जप हं, नानाय!" नानाय म्हणजे आई. मला रडू यायचं बाकी. लोला मात्र शांत. "एवढ्या लांबून यायचा आवाज, वेळ लागणारच." आणि प्लेअरनं जाहीर केलं, ब्याण्णव गुण! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. आवाज बसवला, ओठाला शब्द लावून बसवला. गुरुवार उजाडला होता. तरीही, डिस्क होणार म्हणजे होणार!

आणि इथून खरी पंचाईत. चित्र मूळचं रुंद, टीव्ही आमचा चौकोनी. प्लेअरनं काय केलं, तर दोन्ही बाजूंनी तियाला दाबलं आणि बसवलं. अहो, बांबू! गाल आत, मान लांब, खांदे म्हणजे हँगर. लोला बघतच राहिली. टीव्हीजवळ गेली, काचेवरून हात फिरवला. "तोतो… कॅनडात तांदूळ नसतो का रे?" म्हटलं, लोला, हा प्रमाणाचा दोष आहे, सोळास नऊ आणि चारास तीन… "माझी पोर उपाशी आहे, आणि हा मला पाढे म्हणून दाखवतोय!"

संपलं. लोलानं ताट सरकवलं. वाढदिवस रद्द. "माझ्या पोरीच्या पोटात अन्न नाही, आणि मी इथे डुक्कर भाजून लोकांना वाढू?" दुपारी वडिलांना समोर बसवून पत्र सांगायला लागली, एस्मे, असशील तशी परत ये. आणि तियाचे तिथे कायम राहायचे कागद व्हायला चार महिने उरलेले! आत्ता निघाली तर सात वर्षं पाण्यात. आणि ती आईच्या शब्दाबाहेर नाही, निघाली असती हो! वडील मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाले, "हे बघ पदवीधर, मी शनिवारपर्यंत पेन सापडत नाही म्हणून सांगतो. तोवर माझ्या बहिणीला जेवू घाल!"

मग मी शास्त्रशुद्ध काम केलं. प्रमाण अचूक, चेहरा खरा, वर-खाली जी जागा उरली तिथे काळ्या पट्ट्या. जगभर असंच करतात! लावली डिस्क. लोला पट्ट्यांकडे बघते. वर काळं, खाली काळं. उजव्या हातानं क्रूस काढला. "येशू, मारिया, होसे… खरं सांग. कधी गेली?" अहो, ती बोलतेय ना समोर! पण शेजारची मानांग पासिंग, म्हणजे पासिंगताई, मेणबत्ती घेऊन हजर, तिच्या मागे चार बायका, कुणी कॉफी आणली, कुणी बिस्किटं, मृताची प्रार्थना सुरू… आणि टीव्हीत तिया म्हणतेय, "मी इथे मजेत आहे!" मी ओरडलो, अहो, जिवंत आहे ती! मानांग पासिंग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "हो रे बाळा, आपल्या मनात जिवंतच असते ती."

तुम्ही असता तर सोडून दिलं असतं. मी? डिस्क होणार म्हणजे होणार!

शनिवार. वडिलांना पेन सापडायची वेळ झाली. गोरियोला विचारलं, तो म्हणाला, "पट्ट्या नकोत ना? मग बाजू काप, मधली तिया ठेव." कापल्या. आता घाई, घाम, बाजू कापल्या गेल्या जरा जास्तच, आणि त्या प्रोग्रॅमनं उरलेली तिया दोन्हीकडून ओढून पडदाभर केली. मला कळलं कधी, तर डिस्क टीव्हीवर सुरू झाल्यावर. अहो, गाल! अहो, दंड! हनुवटीखाली दुसरी हनुवटी! फ्रिजसुद्धा बाळसं धरलेला! मी बटणाकडे धावलो, तर लोलानं माझा हात धरला. रडत होती ती. "बघा," म्हणाली, "बघा, अंगानं भरलीय माझी पोर!" मग मागे वळून म्हणाली, "भात आहे का थोडा?" तिसऱ्या दिवशी जेवली हो. दोनदा मागून घेतला.

आणि मी मेलबर्नचा शहाणा, चित्र खोटं बोलता कामा नये म्हणणारा! संध्याकाळी तियाला फोन लावला, तिथे पहाट. सगळं सांगितलं. म्हटलं, तिया, उद्या सकाळपर्यंत मी ती डिस्क सुधारतो, खरी तू…

"हात तर लाव त्या डिस्कला!" तिया कडाडली. "मूर्खा, अंगात तीन स्वेटर घालून उभी होते मी तिथे! हीटर चालू, घामानं निथळतेय, पण म्हटलं, नानायला जरा भरलेली दिसावी. तीन स्वेटरांनी जमलं नाही ते तुझ्या चुकीनं जमलंय. आता शहाणपणा करून घालवू नकोस!"

म्हटलं, तिया, तू जेवतेस ना पण?

"जेवते रे. एकटीनं जेवलेलं अंगाला लागत नाही, एवढंच."

रविवारी डुक्कर भाजलं, वाडी जेवली, आठ मिनिटं अकरा वेळा लागली, आणि मी रात्री गुपचूप नीट केलेली डिस्क खिशातच ठेवून नूडल्स वाढत फिरलो.

आता तुम्ही म्हणाल, मिटलं. कसलं मिटतंय! सोमवारपासून दारात रांग. कुणाची मुलगी सिंगापूरला, कुणाचा मुलगा दुबईला, प्रत्येकाच्या हातात फोन. "तोतो, एस्मेला लावलंस ते आमच्याला पण लाव." मी समजावतो, अहो, ती चूक होती, मी आठवणी जशा आहेत तशा जपायला आलोय… "हो हो, जप की, जरा भरून जप!"

आणि काल एक बाई आली. नवरा तेलाच्या जहाजावर, वर्षभर समुद्रात. फोन माझ्या हातात दिला आणि लाजत म्हणाली, "बेतानं फुगव हं तोतो. डिसेंबरात घरी यायचाय, दारातून आत घ्यायचाय मला."

आता काय करणार, सांगा? …विचारलं, दार केवढं आहे?