दुप्पट पगाराचं दुकान

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर गावातल्या सहकारी भांडाराचे चेअरमन बसले होते, आणि शेजारी तिथलं काम सोडून समोरच्या किराणा दुकानात गेलेल्या सिंधुबाई.

"भांडार सोडून तिकडं कशाला गेलीस, सिंधुबाई?"

"तिथला मालक पगार दुप्पट देतो, साहेब."

"असल्या दुष्काळात दुप्पट? सहा महिन्यात बुडंल बघ."

"दोन वर्सं झाली. आता शेजारचा गाळा बी घेतलाय."

"मग मालात भेसळ करीत असंल."

"न्हाई. आमी तिघीच हाय, पन गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याची चहापत्ती काढून ठिवतो. तुमच्याकडं आठ माणसं, अन् काउंटरवर एकबी न्हाई."

"संचालकांची पोरं हायती ती. ठिवावी लागतात."

"त्यातलं एक तर पुण्याला राहतंय."

"दिवाळीला येतो की. अन् वार्षिक सभेत मी स्पष्ट सांगितलं, जास्त पगार देऊन दुकान चालत न्हाई. लई टाळ्या पडल्या."

"ऐकल्या मी. सभेची चहा-साखर घेऊन मीच आलते, आमच्या दुकानातून. भांडाराला कुलूप व्हतं."